कार्ले येथील राजाज्ञा व तिचा लेखनक्रम

कार्ले येथील चैत्यगृहांत लेख पुष्कळ आहेत. परंतु बहुतेक दानलेख होत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें हें शैलगृह सिद्ध केलें, धेनुकाकटच्या अमक्यानें हा खांब दिला, एवढेंच ते सांगतात. खांब कसा कोरावा हें एकहि लेख सांगत नाहीं; ती विद्या कारागिरांच्या हातांतच राहिली. काम कसें करावें हें क्रमवार सांगणारा जो लेख आम्हांस येथें दिसतो, तो शिल्पाचा नसून दप्तराचा आहे.

हा लेख म्हणजे मामाल, म्हणजे मावळ, येथील अमात्यास झालेली सातवाहनांची राजाज्ञा होय. राजाचें नांव झिजलें आहे. तो गौतमीपुत्र सातकर्णी असावा असें बहुतेक विद्वान् मानतात. वलूरक लेण्यांतील भिक्षूंस करजक गांव द्यावयाचा आहे. हाच गांव नहपानाचा जामात उषवदात यानें पूर्वीं या लेण्यांस दिला होता. त्याचाहि लेख येथेंच आहे. परंतु वर्षावासांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठीं गांव दिला, एवढें सांगून तो संपतो. राजाज्ञा तेथें थांबत नाहीं. राजपुरुषांनीं गांवांत शिरूं नये, कशासहि हात लावूं नये, मिठासाठीं खणूं नये, राष्ट्राधिकाऱ्यांनीं दखल देऊं नये, असे परिहार ती एकेक सांगते व ते नोंदवून ठेवण्यास बजाविते. ‘उपद्रव देऊं नये’ एवढेंच मोघम लिहिलें असतें, तर ज्या त्या अंमलदारानें आपल्या सोयीचा अर्थ केला असता.

नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यांत गौतमीपुत्राची संवत्सर १८ ची अशीच आज्ञा पूर्ण राहिली आहे. ती गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्यास आहे. तिच्या अखेरीस हुकूम तोंडी कोणीं सांगितला, लेख कोणीं राखिला, पट्टिका कोणत्या दिवशीं दिली व काम कोणीं केलें, हें सर्व नमूद आहे.

इतकी दक्षता घेऊनहि काम साधलेंच असें नाहीं. तेथेंच संवत्सर २४ ची दुसरी आज्ञा आहे. पूर्वीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं, गांवहि वसत नाहीं. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावीं, असें ती श्यामक अमात्यास सांगते. पहिली आज्ञा कोठें फसली तें सांगून मगच नवी दिली आहे. पहिलें शेत कोणतें व कोणास दिलें हें स्पष्ट लिहिलेलें होतें, म्हणूनच चूक नेमकी दाखवितां आली.

मोडी कागदांसहि हाच न्याय लागू आहे. ‘मोर्तब सूद’, ‘बार सूद’ हे शेरे निरर्थक समजून नक्कल करणारे पुष्कळदां गाळितात. परंतु आज्ञा कोणकोणत्या पायऱ्या उतरून अंमलांत आली, याचा पुरावा तेच शेरे होत. संग्राहकांनीं नक्कल करितांना मजकुराइतकीच त्यांचीहि काळजी घ्यावी, अशी आमची विनंति आहे.