खत फाडल्याशिवाय

दिवाणी न्यायालयात मी बेलीफ म्हणून लागलो आणि नाझर होऊन निवृत्त झालो. मधली वर्षं दरखास्तींत गेली. नुसत्या हुकूमनाम्यानं पैसे हातात पडत नाहीत. दरखास्त लावावी लागते, मग जप्ती, मग लिलाव. लोकांच्या दारात उभं राहून भांडी मोजायचं काम. एकदा एक म्हातारी म्हणाली, "अरं, पैसं दिलं की त्याला! मग तू कशाला आलास?" पैसे दिले होते, पण कागदावर काहीच नव्हतं. मी भांडी मोजली. मात्र तिचा प्रश्न घेऊनच पुढे मी 1875 सालच्या दंग्यांबद्दल वाचायला लागलो.

सुप्याला दंगा झाला तो 12 मे रोजी, बाजाराच्या दिवशी. गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आता बारामतीत आहे. शाळेच्या पुस्तकात 'दख्खनचे दंगे' म्हणून रयतेचा संताप येतो. संताप होताच. पण काय जाळलं ते पाहा: सावकाराच्या वह्या, खतं, हुकूमनामे. ज्यानं कागद मुकाट्यानं काढून दिले, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. नुसता भडकलेला जमाव एवढं निवडत बसत नाही.

देणं फिटलं की खत फाडून परत द्यायचं, ही आपली जुनी रीत. आजोबांच्या ट्रंकेत असं एक खत आहे. मोडीत लिहिलेलं, खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी आणि मधोमध उभं फाडलेलं. फाटकं आहे म्हणूनच जपून ठेवलेलं! सुप्याच्या लोकांनी फाडायचं ते जाळलं, आणि सावकाराला विचारलं नाही, इतकंच. देणेकऱ्यानं खत जाळल्यानं देणं संपत नाही, हे कोणताही वकील सांगेल. पण मग संपायचं कसं, याचं उत्तर तेव्हाच्या कायद्यानं त्यांना धड दिलं नव्हतं.

1859 च्या कायद्यानं साध्या खतावर दावा लावायची मुदत तीन वर्षांची केली. हेतू बरा होता. कर्ज वर्षानुवर्षं साचू नये. घडलं उलटं. तिसरं वर्ष भरत आलं की सावकार नवं खत लिहून घेई. मुद्दल आणि व्याज मिळून नवं मुद्दल. थकलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा आपला दामदुपटीचा नियम. पण व्याजच मुद्दल झालं की तोही निकामी. 1 सप्टेंबर 1872 पासून करार कायदा लागू झाला. त्याच्या कलम 62 प्रमाणे जुन्याच्या जागी नवा करार केला की जुना पाळावा लागत नाही. म्हणजे जुनं खत त्याच दिवशी फाटायला हवं. ते अनेकदा सावकाराच्या पेटीतच राही, आणि भरलेल्या पैशांची पावतीही मिळत नसे.

करार मोडला तर दाद मागायला कोर्ट होतं, पण तिथली वाट सावकाराच्या पायाखालची. समन्स न वाचता येणारा कुणबी घरीच बसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. मग घर, जमीन, नाहीतर दिवाणी तुरुंग.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. खतावरचा आकडा खरा न मानता व्यवहार मुळापासून तपासायचा, असं न्यायाधीशाला सांगितलं गेलं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणं थांबलं. इतिहासकार या दोन गोष्टींवर थांबतात. मला विचाराल तर त्यातलं पावतीचं कलम मोठं: पैसे घेतले की सावकारानं लेखी पावती दिलीच पाहिजे.

म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश 21 नियम 2 मध्ये आहे. कोर्टाबाहेर दिलेल्या पैशांची कोर्टात नोंद झाली नसेल, तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे धरत नाही. देणेकऱ्याला नोंदीसाठी स्वतः अर्ज करता येतो, पण पैसे दिल्यापासून तीस दिवसांत. तेव्हा कुणाचे पैसे फेडलेत तर पावती घ्या, मूळ कागद परत मागा, आणि हुकूमनामा झालेला असेल तर महिना संपायच्या आत कोर्टात जा.