अकरात घेतलं, पंगतीत नाही

संघ निवडताना एक पेच हमखास येतो. एखादा तरुण खेळाडू गुणी आहे, पण त्याला सुरुवातीपासूनच मैदानात उतरवायचं का? बास्केटबॉलचे पहिले पाच असोत की क्रिकेटचे अकरा, शंका त्याच असतात. अजून कच्चा आहे, दडपण पेलेल का, जुने खेळाडू नाराज होतील का? आज आपण पुण्यातला असाच एक जुना वाद पाहणार आहोत. फरक एवढाच, की इथं खेळाबद्दल कुणालाच शंका नव्हती. अडलं होतं जातीवर.

हे खेळाडू म्हणजे बाळू पालवणकर, चर्मकार समाजातले. आधी ते पुण्यात पारशांच्या एका क्लबात तीन रुपये महिन्यावर कामाला होते. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात आले, तिथं पगार चार रुपये. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या, नेट लावायची, हे त्यांचं काम. मग साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायला त्यांना बोलावू लागले. जे. जी. ग्रेग हे त्या वेळचे नावाजलेले फलंदाज. बाळूंनी बाद केलं की ते दर वेळी आठ आणे द्यायचे, असं सांगतात. खरं-खोटं बाजूला ठेवू. पण उत्तम फलंदाजांपुढं तासन् तास गोलंदाजी करून त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली, हे नक्की. फलंदाजी मात्र त्यांना तिथं कधी करू दिली नाही. बॅट धरायची ती साहेबानं.

आता पुण्यातल्या हिंदू खेळाडूंना गोऱ्यांना हरवायचं होतं. गावातला सगळ्यात चांगला गोलंदाज कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला घ्यायचं का? काहींनी सरळ विरोध केला. काही म्हणाले, घ्या. शेवटी बाळू संघात आले. यात सुधारणेचा विचार किती आणि जिंकण्याची निकड किती? आम्हाला वाटतं, निकडीचं पारडं जड होतं. तसं म्हणायला कारण आहे.

मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावत होते. चहाची वेळ झाली की चित्र बदलायचं. बाकीचे आत कपातून चहा घ्यायचे, बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात. तोंड धुवायचं झालं, तर अस्पृश्य मानलेलाच एक नोकर मैदानाच्या कोपऱ्यात पाणी आणून द्यायचा. जेवणाचं ताट वेगळं, टेबलही वेगळं. म्हणजे निवड झाली होती ती उजव्या-डाव्या हाताची, माणसाची नव्हे.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाविरुद्ध बाळूंनी सात बळी घेतले आणि त्यांचं नाव सगळीकडं झालं. तेव्हा न्यायमूर्ती रानड्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. त्यांच्याबरोबर खेळता, तर खाण्यापिण्याला का नाही, असा त्यांचा सवाल होता. पुढं टिळकांच्या हस्तेही बाळूंचा सत्कार झाला.

इथं वाद मिटला, असं वाटेल. तो मिटला नाही. पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. तिथल्या हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच प्रश्न, घ्यायचं की नाही? कर्णधार कीर्तिकरांनी विरोधकांची समजूत काढली, तेव्हा दार उघडलं. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या संघात बाळूंच्या जोडीला त्यांचा धाकटा भाऊ शिवराम होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. एवढं झाल्यावर तरी कर्णधारपद मिळावं? ते त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांनाही त्यासाठी डावललं गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघांनी जाहीरपणे संघातून अंग काढून घेतलं. हा निषेध कामी आला. १९२३ ला विठ्ठल कर्णधार झाले. पुण्याच्या त्या पहिल्या वादाला तोवर पाव शतक उलटलं होतं.

मग पुण्याचा तो निर्णय चुकीचा होता का? मुळीच नाही. तो झाला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो अर्धाच होता, आणि अर्ध्या निर्णयाची किंमत खेळाडूला भरावी लागते. दर पायरीवर त्याला तीच परीक्षा नव्यानं द्यावी लागते, मागचे गुण कुणी धरत नाही.

तेव्हा संघात कोण आलं, एवढंच पाहून आपण थांबू नये. खेळ संपल्यावर त्याला चहा कुठं आणि कशातून दिला, तेही विचारावं.