गोमेची बखर

इतिहास म्हटला की बखरी, कैफियती आणि शकावल्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. बंगळूरच्या मल्लेश्वरमात आलेला मराठी माणूस साहजिकच काडु मल्लेश्वराच्या देवळाकडे वळतो. कारण शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांचा १६६९ सालचा दानलेख या देवळाशी निगडित आहे. परंतु ज्या भूमीचे ते दान, तिच्या पोटात त्याहून फार जुन्या रहिवाशांची वस्ती आहे. मृगाच्या सरी पडल्या की कुंपणाच्या कडेने वाणी चालू लागतात; कुंडी उचलावी तर खालून गोम सरकन निघून जाते. या जीवांचाही इतिहास लिहिला गेला आहे. मात्र त्याचे दफ्तर एका ठिकाणी नव्हते. ते लंडन, व्हिएन्ना, कलकत्ता आणि मुंबई असे विखुरलेले होते. ते एकत्र कसे आले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम या मंडळींची ओळख करून घेऊ. वाणी कुजक्या पाल्यावर जगतो आणि त्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. गोम शिकारी, तिच्या प्रत्येक वलयाला एकच जोडी आणि पुढचे पाय विषारी नांग्यांत रूपांतरित झालेले. मोठ्या गोमेला कोकणात घोण म्हणतात, कानडीत तिला ‘जरी’ हे नाव आहे. वाण्याचे ‘सहस्रपाद’ हे नाव तर २०२१ पर्यंत केवळ अलंकारिकच होते. त्या वर्षी ऑस्ट्रेलियात १३०६ पायांचा वाणी सापडला आणि शास्त्राने तो अलंकार खरा केला. तिसरा प्राणी मखमली कृमी. आखूड, गुबगुबीत पायांचा हा जीव गोम-वाण्यांचा दूरचा भाऊबंद होय. जुन्या क्रमिक पुस्तकांत तो ‘पेरिपॅटस’ या नावाने भेटत असे.

भारतीय गोमेची शास्त्रीय नोंद लिनियसपासून, म्हणजे १७५८ पासून सुरू होते. दक्षिण हिंदुस्थानापुरते बोलायचे तर १८९२ हे वर्ष महत्त्वाचे. मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचे एडगर थर्स्टन यांनी दक्षिणेतील नमुने लंडनला धाडले. तेथे पोकॉक यांनी ते तपासले आणि त्यांचा वृत्तांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. प्राणी दक्षिणेचा, पंडित लंडनचा आणि कागद मुंबईचा! पुढे १९३६ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने भारतीय वाण्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे लेखक आटेम्स हे व्हिएन्नाचे.

मखमली कृमीची कथा तर लष्करी इतिहासातच गुंतली आहे. नोएल विल्यम्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हत्येनंतर १९११ मध्ये सियांग खोऱ्यातील आबोर लोकांवर मोहीम निघाली. तिच्याबरोबर गेलेल्या स्टॅन्ली केम्प यांना दगडांखाली हा जीव सापडला. ‘टिफ्लोपेरिपॅटस विल्यम्सनी’ या त्याच्या नावात त्या अधिकाऱ्याचे आडनाव आजही आहे. ज्या टेकड्यांत तो प्राणी राहतो, तेथील लोकांचे नाव मात्र त्यात नाही. नोंद कोणी केली, यावर इतिहासात काय उरते हे ठरते. प्राण्यांच्या इतिहासालाही हा नियम लागू आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात हे काम आपल्या हाती आले. जांगी यांनी भारतीय गोमेवर १९६६ मध्ये सविस्तर प्रबंधिका लिहिली आणि १९८४ मध्ये दास यांच्यासह दख्खनच्या गोमांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. मल्लेश्वरमच्या शेजारीच असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत माधव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये परिस्थितिकी विज्ञान केंद्र स्थापन झाले होते. तेथे जाह्नवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी गोमांच्या जनुकांचा अभ्यास केला. २०११ आणि २०१३ मधील त्यांच्या निबंधांतून असे दिसले की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, तेव्हा सह्याद्रीच्या दक्षिण टोकाने काही प्राचीन कुळांना आसरा दिला असावा. ज्या काळ्या कातळात आपले गड-किल्ले कोरले गेले, त्याच्या जन्मकाळची साक्ष अशी गोमेच्या वंशावळीत सापडते.

असा अभ्यास करणाऱ्याला पूर्वी जुना कागद मिळविण्यासाठीच पत्रव्यवहार आणि प्रवास करावा लागे. ती अडचण आता बरीच दूर झाली आहे. २००६ मध्ये जगातील मोठ्या निसर्गविज्ञान ग्रंथालयांनी मिळून ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ सुरू केली; मुंबईच्या त्या नियतकालिकाचे जुने खंड आता घरबसल्या वाचता येतात. त्याच वर्षी इटलीच्या मिनेल्ली यांच्या देखरेखीखाली गोमांची ‘किलोबेस’ ही जागतिक सूची निघाली, वाण्यांसाठी ‘मिलिबेस’ आहे, आणि २०१२ मध्ये मखमली कृमींची जागतिक यादी सर्वांना खुली झाली. जमिनीच्या फेरफाराची नोंद पाहून मूळ मालक शोधावा, तसे या सूच्यांतून कोणते नाव कोणी, कधी व कोठे दिले आणि एकाच गोमेला वेगवेगळ्या पंडितांनी किती नावे दिली, हे क्षणात कळते.

मात्र यातही एक गोम आहे. सूचीत नाव आहे म्हणून रानात प्राणी आहे, असे होत नाही. केम्प यांचा मखमली कृमी शतकभर कागदावरच राहिला. शंभरहून अधिक वर्षांनी बंगळूरच्याच ‘अत्री’ संस्थेचे संशोधक सियांग खोऱ्यात गेले, दगड उलथून पाहिले, तेव्हा तो पुन्हा भेटला. जुना कागद वाचल्यामुळे कोठे शोधावे हे कळले, आणि शोधल्यामुळे कागद खरा ठरला.

म्हणून दफ्तर हाती आल्याने काम संपत नाही. जुने बंगले पाडून इमारती उठत आहेत, झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट येत आहे, पालापाचोळा जाळला जात आहे. पंख नसलेल्या या जीवांना दूर स्थलांतर करता येत नाही. माती गेली की तेथले कूळ गेले. १८९२ मध्ये आपले प्राणी लंडनला पाठवल्यावाचून त्यांची नावे कळत नसत. आज २००८ पासून चालू असलेल्या ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर कोणाही नागरिकाला छायाचित्र, स्थळ आणि तारीख नोंदविता येते. अंगणात गोम दिसताच चप्पल उचलण्याआधी आपण एवढे करू शकलो, तर पुढच्या बखरकाराला मल्लेश्वरमचे पान कोरे सापडणार नाही.