पिठाची गिरणी (वारंगा फाटा परिसर)

गिऱ्हाइकाने आणलेले धान्य मजुरी घेऊन दळून देण्याचा गावातला व्यवसाय. वारंगा फाटा हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातले तिठ्याचे गाव. हिंगोली–नांदेड रस्त्याला इथे हदगावकडून नागपूरचा रस्ता येऊन मिळतो. वाटसरूंना हा फाटा खिचडीमुळे माहीत आहे, पण अशा ठिकाणी गिरणीला खरा आधार आसपासच्या खेड्यांतल्या ज्वारीच्या डब्यांचा.

ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरीच्या कडा चिरतात. अंकुरातल्या तेलामुळे ते कडवटही होते. म्हणून ज्वारीचे दळण थोडे थोडे, आठ-दहा दिवसांपुरतेच काढतात. दुकानात पिठाच्या पिशव्या आल्या तरी गिरणी टिकली ती यामुळेच. नवी गिरणी घालणाऱ्याने यंत्राची किंमत विचारण्याआधी भाकरी खाणारी घरे मोजावीत.

सगळी कसोटी दगडांच्या जुळणीत आहे. पीठ पडते तिथे हात धरायचा, चिमूट अंगठ्याने बोटावर चोळायची आणि चाक सैल करायचे की आवळायचे ते ठरवायचे. फार आवळले तर पीठ तापते. तसेच झाकणबंद डब्यात भरले की वाफ धरून गोळे होतात. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावावी लागते. त्यानंतरचा पहिला घाणा हलक्या धान्याचा काढून टाकून द्यावा, नाहीतर भाकरीत कच लागते.

डब्यांचा क्रमही जपावा लागतो, कारण आधीच्या दळणाचे थोडे पीठ पुढच्यात उतरतेच. हळद-मिरचीला यंत्र वेगळेच हवे. हळदीच्या या जिल्ह्यात (वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले) तो जोडधंदा विचारात घेण्याजोगा आहे.

थ्री-फेज वीजजोडणी, अन्नसुरक्षा व मानके कायदा, 2006 खालची नोंदणी आणि वजनकाट्याचे दरवर्षीचे मुद्रांकन लागते. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठेवले गेले. ते बँकेच्या कर्जाला जोडलेले असल्याने हप्त्यांचा हिशेब आधी करावा.

दळण घेऊन बहुधा बायका आणि शाळकरी पोरे येतात. फिरत्या पट्ट्यात पदर किंवा ओढणी अडकली तर जीव जाऊ शकतो. पट्ट्याला जाळी बसवल्याशिवाय पहिला डबा ओतूच नये.