वाडा कुणाच्या खर्ची?

ऑक्सफर्डशायरमधला ब्लेनहाइमचा वाडा ज्या लढाईमुळे उभा राहिला, ती १३ ऑगस्ट १७०४ ची. इंग्रजी कागदांत मात्र तिची तारीख २ ऑगस्ट पडते, कारण तिथे अजून जुनंच पंचांग चालत होतं. ॲन राणीने विजयी सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरोला वुडस्टॉकची जहागीर दिली. वाडा राणी बांधून देणार, असं सगळेच धरून चालले होते.

पण तसं लिहून कुणी घेतलं नाही. ९ जून १७०५ चा नेमणुकीचा कागद आहे. त्यावर सही खजिनदार गोडॉल्फिनची. जॉन व्हॅनब्रूला वास्तुकार नेमलंय ते ड्यूकच्या वतीने. राणीचं किंवा राजगादीचं नावही नाही. पुढची सगळी भांडणं या एका गाळलेल्या नावातून निघाली.

आधी पैसा वाहत होता. व्हॅनब्रू मूळचा नाटककार, आणि वाड्यात ते दिसतं: दिवाणखाना सुमारे २० मीटर उंच, मुदपाकाच्या चौकाच्या दारावर ग्रिनलिंग गिबन्सने कोरलेला सिंह फ्रेंच कोंबड्याला फाडतोय. शत्रूला इतकं उघड हिणवणं आज जरा बालिश वाटतं. पण डचेस सॅराला हा थाट पहिल्यापासून खटकत होता. तिला वास्तुकार म्हणून क्रिस्टोफर रेन हवा होता. पुढे व्हॅनब्रूने आवारातला जुना वाडा पाडू नये म्हणून ११ जून १७०९ ला सविस्तर कारणं लिहून दिली, तेव्हा तिला संशय आला की ती जागा त्याला स्वतःलाच राहायला हवी आहे. संशय अगदीच निराधार नव्हता. तो तिथे राहत होताच.

१७११ च्या अखेरीस ड्यूकची पदं गेली. १७१२ त काम थांबलं, तेव्हा २,२०,००० पौंड खर्च झाले होते, शिवाय कारागिरांचे ४५,००० थकले होते. ते कुणी द्यायचे? ड्यूकने हात वर केले. पाथरवट स्ट्राँग मंडळींनी गोडॉल्फिनचा तोच कागद पुढे करून ड्यूकवर दावा लावला आणि १७२१ त लॉर्ड्सच्या सभागृहाने निकाल त्यांच्या बाजूने कायम केला.

व्हॅनब्रू त्याआधीच, १७१६ त, भांडून निघून गेला होता. १७२५ त तो लॉर्ड कार्लाइलच्या मंडळींबरोबर वाडा बघायला आला. सॅराने आधीच हुकूम देऊन ठेवला होता: त्याला आत सोडायचं नाही, त्याच्या बायकोलाही नाही. पाहुणे दालनं बघत हिंडत होते. नवराबायको दिवसभर वुडस्टॉकच्या खानावळीत बसून राहिले.