अंधाऱ्या खोलीतले हात

आपल्या सीवूड्सहून खाडी ओलांडून गेले, की तासाभरात दादर येते. तेथल्या एका घरात दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हाती घेतला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला, हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु फिल्म धुण्याची रसायने कोणी कालविली, हे किती जणांस ठाऊक असेल? ती कालविली त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी. कोऱ्या फिल्मला भोके पाडणेही त्यांच्याकडेच होते, आणि मंडळींचा स्वयंपाकही.

हे काम सोपे नव्हे. मेटॉल सल्फाइटच्या दाट द्रावणात सहसा विरघळत नाही. म्हणून आधी मेटॉल, मग सल्फाइट व हायड्रोक्विनोन, शेवटी सोडा, असा क्रम राखावा लागतो. सल्फाइट कमी पडले, तर द्रावण हवेने तपकिरी होऊन निकामी होते. फिल्म एकदा बिघडली, की दिवसभराचे चित्रण गेलेच. तशात भांडवलासाठी या बाईंनी आपले दागिनेही दिलेले.

१९६९ पासून फाळके यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो, ते उचितच आहे. मात्र भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना सरस्वतीबाईंचे नाव पत्नी म्हणून नव्हे, तर पहिल्या तंत्रज्ञांपैकी एक म्हणून घेतले पाहिजे.