ज्वारी महागली तेव्हा

ज्वारीचा भाव चढला की शेतकऱ्याचे भले झाले, असे गादीवर बसलेला व्यापारी म्हणतो. आपल्या मराठवाड्याचा १९७२ चा दुष्काळ आठवा. दोन-तीन एकर कोरडवाहूचा धनी देणे फेडण्यासाठी सुगीतच धान्य विकतो आणि वारीच्या दिवसांत तेच चढ्या भावाने विकत घेतो. त्या साली तर खळेच रिकामे. भाव कितीही चढो, विकायला होते काय? औरंगाबाद, बीड जिल्ह्यांत जमिनीचे धनी खडी फोडायला बसले. अमेरिकेची तांबडी मिलो आणि कामावरची सुकडी यांवर लेकरे जगली. (मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली, त्यांना चव सांगायला नको.) नुसते धान्य येऊन भागत नव्हते, ते घ्यायला हातात मजुरी हवी होती. वि. स. पागे यांनी हे ओळखले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला.

१६३० च्या दुष्काळानंतर तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. आपण कीर्तनकार ती कथा वैराग्याची म्हणून रंगवतो. मला तिच्यात कुळांची सुटका अधिक दिसते. खत बुडाले, म्हणजे पुढच्या सुगीची ज्वारी कुळाच्याच कणगीत राहिली.